पदवी एकच, मग कॉलेज कोणतेही चालेल? मराठवाड्यातल्या कॉलेज-निवडीचा इतिहास

बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येते. "विद्यापीठ तर एकच आहे, डिग्रीवर नाव विद्यापीठाचेच येणार, मग कॉलेज कोणतेही चालते." हे वाक्य कधी गावातला हितचिंतक बोलतो, कधी प्रवेश मिळवून देणारा दलाल बोलतो, तर कधी खुद्द आपलेच कार्यकर्ते बोलतात. आणि मग मुलगा किंवा मुलगी अशा एखाद्या कॉलेजात नाव घालते, जिथे वर्षभर जायची गरज नाही, ग्रंथालयाचे कुलूप क्वचितच निघते, आणि परीक्षेच्या वेळी 'सगळे सांभाळून घेतले जाते'. तीन वर्षांनी हातात पदवी येते. त्या पदवीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असे नाव असते. पण बाबासाहेबांनी ज्याला शिक्षण म्हटले, ते त्या पदवीमागे असतेच असे नाही.

मित्रांनो, "कॉलेज कोणतेही चालते" हे वाक्य मला साधे वाटत नाही. ते आपल्या इतिहासाच्या विरोधात जाणारे वाक्य आहे. बाबासाहेबांनी विद्यापीठाच्या पदवीचे महत्त्व कधीच कमी लेखले नाही, पण उभी केली ती कॉलेजे. त्यांनी असे का केले, हे समजून घेतले तर आजचा आपला प्रश्नही सुटायला मदत होईल.

विद्यापीठ आणि कॉलेज : दोन वेगळ्या परंपरा

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. जगात विद्यापीठ आणि कॉलेज यांचे नाते सगळीकडे सारखे नाही. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमध्ये तीसहून अधिक कॉलेजे आहेत. परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची, पण विद्यार्थ्याचे राहणे, जेवणे, ग्रंथालय आणि पदवी अभ्यासक्रमात प्राध्यापकासमोर एकटे-दुकटे बसून होणारी चर्चा हे मुख्यतः कॉलेजात चालते. त्यामुळे तिथे पदवीसाठी अर्ज करणारा विद्यार्थी अर्जातच कॉलेज निवडतो, किंवा 'कोणतेही चालेल' असे सांगून निवड विद्यापीठावर सोपवतो. तिथे मुले काय पाहतात? आपला विषय त्या कॉलेजात शिकवतात का, खोली किती वर्षे मिळते, आर्थिक मदत किती आहे, विभागापासून अंतर किती आहे. म्हणजे तिथेही पदवी एकच असते, तरीही कॉलेज विचार करून निवडले जाते. झारखंडचे आदिवासी नेते जयपालसिंग मुंडा ऑक्सफर्डला शिकले असे आपण म्हणतो, पण ते शिकले तिथल्या सेंट जॉन्स कॉलेजात.

भारतात मात्र इंग्रजांनी ऑक्सफर्ड आणले नाही. १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही तीन विद्यापीठे निघाली, ती लंडन विद्यापीठाच्या त्या वेळच्या नमुन्यावर. विद्यापीठाने अभ्यासक्रम ठरवायचा, परीक्षा घ्यायची, पदवी द्यायची. शिकवायचे कॉलेजांनी. ही संलग्नतेची पद्धत आजही चालू आहे. आपल्या मराठवाडा विद्यापीठाशी चारशेहून अधिक महाविद्यालये संलग्न आहेत. संलग्नतेच्या या पद्धतीतूनच "पदवी एकच" हा भ्रम जन्माला आला. परीक्षा एक, गुणपत्रिका एक, म्हणून शिक्षणही एकच असणार असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात पदवी अभ्यासक्रमाचा विद्यार्थी विद्यापीठाच्या आवारात फार तर कागदपत्रांसाठी जातो. त्याची तीन-चार वर्षे जातात ती कॉलेजात.

जेव्हा निवडच नव्हती

आता मराठवाड्याकडे येऊ. १९४८ पर्यंत आपला हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली सुरू झाले आणि तिथले शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. औरंगाबादला सरकारी कॉलेज होते. १९२३ साली सुरू झालेले हे कॉलेज इंटरमीजिएटपर्यंत शिकवायचे. पुढे बी.ए. करायचे तर हैदराबाद गाठावे लागे. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी करत हैदराबादला जाणाऱ्या मीटरगेज रेल्वेने पाचशे किलोमीटरहून जास्त प्रवास, तिथे राहण्या-खाण्याचा खर्च, आणि घरात मराठी बोलणाऱ्या मुलाला उर्दूतून उच्च शिक्षण.

बीड, परभणी, उस्मानाबाद या जिल्ह्यांतल्या एखाद्या महार किंवा मांग कुटुंबातल्या मुलाच्या बाजूने याचा विचार करा. गावच्या शाळेत त्याला बसायला जागा मिळणे हाच पहिला झगडा. त्यातून तो मॅट्रिकपर्यंत आलाच, तर त्याच्यासमोर 'कोणते कॉलेज निवडू' असा प्रश्न नव्हताच. भाषा, अंतर, पैसा आणि जात अशी चार कुलुपे एकाच दाराला लावलेली होती. सवर्ण जमीनदाराच्या मुलाला यातली तीन कुलुपे उघडता येत होती. तो पुण्या-मुंबईला किंवा हैदराबादला जाऊ शकत होता. आपल्या मुलाकडे एकही किल्ली नव्हती.

म्हणून मी म्हणतो की कॉलेज निवडण्याचा अधिकार हा आपल्या समाजाने मिळवलेला अधिकार आहे. तो आपल्याकडे वारशाने आलेला नाही. आणि जो अधिकार मिळवायला पिढ्या गेल्या, तो "कोणतेही चालते" म्हणून सोडून द्यायचा नसतो.

बाबासाहेबांनी कॉलेज आतून पाहिले होते

बाबासाहेबांचा कॉलेजशी संबंध किती बाजूंनी आला हे आपण क्वचितच एकत्र मांडतो. ते आधी विद्यार्थी होते. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये त्यांना संस्कृत शिकायचे होते, पण अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. म्हणजे संस्थेच्या दारातून आत गेल्यावरही काय शिकायचे याची निवड जातीने ठरवली. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि १९१२ साली मुंबई विद्यापीठाची बी.ए. परीक्षा उत्तीर्ण झाले.

१९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे त्यांना सेलिग्मन, ड्युई यांच्यासारखे शिक्षक मिळाले. १९१६ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले, तरी त्यांनी ती संस्था सोडून दिली नाही. १९२० साली स्वतःची शिल्लक, राजर्षी शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांनी दिलेले कर्ज घेऊन ते पुन्हा त्याच संस्थेत गेले. दुसरी एखादी सोपी पदवी मुंबईत बसून मिळाली नसती का? मिळाली असती. पण त्यांना कोणत्या शिक्षकांकडे आणि कोणत्या ग्रंथालयात बसून शिकायचे हे माहीत होते.

मग ते शिक्षक झाले. १९१८ ते १९२० या काळात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. वर्गात विद्यार्थी त्यांचे व्याख्यान मन लावून ऐकत होते, पण प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावण्यावर सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला. पुढे १९३५ साली ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. विद्यार्थी, प्राध्यापक आणि प्राचार्य अशा तिन्ही नात्यांनी त्यांनी कॉलेज आतून पाहिले. पदवी एकच असली तरी कॉलेजाच्या भिंतीआत माणसाशी कसे वागले जाते यावर शिक्षण अवलंबून असते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

त्यांनी या प्रश्नावर धोरणात्मक मांडणीही केली. मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठी सर चिमणलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा बाबासाहेबांनी तिच्यासमोर आपले लेखी म्हणणे मांडले. विद्यापीठाने केवळ परीक्षा घेणारे यंत्र बनून राहू नये, शिकवणे आणि संशोधन यांची सांगड घालावी, हा त्यांचा आग्रह होता. आणि १९२७ साली मुंबई कायदेमंडळात विद्यापीठ कायद्यावरील चर्चेत त्यांनी मागासवर्गीयांना विद्यापीठाच्या सिनेटमध्ये प्रतिनिधित्व हवे अशी बाजू लावून धरली. म्हणजे जवळपास शंभर वर्षांपूर्वी त्यांनी दोन्ही गोष्टी एकत्र मागितल्या होत्या : विद्यापीठाच्या सत्तेत वाटा आणि कॉलेजात खरे शिक्षण. यातली एक मिळाली म्हणजे दुसरी आपोआप मिळते, असे त्यांनी कधी मानले नाही.

आधी वसतिगृह, मग कॉलेज

बाबासाहेबांच्या शैक्षणिक कामाचा क्रम पाहा. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि लगेच १९२५ साली सोलापूरला विद्यार्थी वसतिगृह सुरू झाले. १९२८ साली दलित वर्ग शिक्षण संस्था काढली, तीही मुख्यतः माध्यमिक शाळेत शिकणाऱ्या मुलांच्या वसतिगृहांसाठी. त्याआधी कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी वेगवेगळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी करून हाच मार्ग दाखवला होता, आणि अस्पृश्य मुलांसाठीचे मिस क्लार्क वसतिगृह त्यातच येते.

शाळेत प्रवेश मिळून उपयोग काय, जर शाळेच्या गावात राहायला कोणी खोली देत नसेल? हा प्रश्न सवर्ण शिक्षणतज्ज्ञांना पडला नाही, कारण त्यांच्या मुलांना गावोगावी जातवाले आणि नातेवाईक होते. आपल्याला पडला, कारण आपल्याला खोली नाकारली जात होती. आजही संभाजीनगरात आडनाव सांगितल्यावर खोली 'आत्ताच गेली' असे ऐकून परत फिरलेली मुले-मुली माझ्या कामात मला भेटतात. १९२५ चा तो प्रश्न संपलेला नाही.

वसतिगृहांनंतर कॉलेजे आली. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. तिथे दिवसा नोकरी करणाऱ्या तरुणांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले गेले. लक्षात घ्या, नोकरी करणाऱ्या मुलाला "वर्गात येऊ नको, नुसती परीक्षा दे" असे बाबासाहेब म्हणाले नाहीत. त्यांनी वर्गाची वेळ बदलली. आज वर्ग बुडवण्याची सोय देणारी कॉलेजे गरिबांच्या नावाने ती सोय विकतात, तेव्हा हा फरक आपण डोळ्यासमोर ठेवला पाहिजे.

आणखी एक गोष्ट. सिद्धार्थचे पहिले प्राचार्य म्हणून बाबासाहेबांनी अश्वत्थामाचार्य गजेंद्रगडकर या संस्कृतच्या विद्वानाला आणले. ज्या मुलाला संस्कृत नाकारले गेले होते, त्यानेच आपल्या कॉलेजाचे नेतृत्व संस्कृतच्या पंडिताकडे दिले. कारण शिक्षक निवडताना त्यांनी विद्वत्ता पाहिली. जातीचा हिशेब चुकता करण्याची ती जागा नव्हती.

१९५० : नागसेनवन

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. बाबासाहेब तेव्हा देशाचे कायदामंत्री होते आणि संविधान तयार होत होते. अशा धामधुमीत त्यांनी पुढच्या कॉलेजासाठी जागा निवडली ती औरंगाबादची. दिल्ली निवडता आली असती, पुणे निवडता आले असते. जिथे आधीच कॉलेजे आहेत तिथे आणखी एक कॉलेज काढले असते तर ते लवकर नावारूपाला आले असते. पण त्यांनी ती जागा निवडली जिथल्या मुलांना निवडच नव्हती. १९ जून १९५० रोजी हे कॉलेज सुरू झाले. त्याच सुमारास नांदेडला पीपल्स कॉलेजही उभे राहत होते. मराठवाड्याच्या उच्च शिक्षणाची ही खरी पहाट होती.

१ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. कॉलेज तेव्हा हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी संलग्न होते. मराठवाडा विद्यापीठ आले ते २३ ऑगस्ट १९५८ रोजी. म्हणजे विद्यापीठाच्या आठ वर्षे आधी इथे मिलिंद होते. आधी विद्यापीठ आणि मग कॉलेज असा क्रम इथे लागलेला नाही. शिकण्याची भूक आणि शिकवण्याची सोय आधी कॉलेजात तयार झाली, आणि मग या प्रदेशाला स्वतःचे विद्यापीठ मिळाले.

कॉलेजाला पुढे मिलिंद हे नाव दिले गेले आणि परिसर नागसेनवन झाला. ही नावे नुसती बौद्ध आहेत म्हणून ठेवली असे समजू नका. मिलिंद हा ग्रीक राजा वादविवादात कोणाला हार जात नव्हता. भिक्खू नागसेनाने त्याच्या प्रश्नांना उत्तरे दिली आणि राजाने ती मोकळ्या मनाने मान्य केली. प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्खू, अशा दोघांच्या नावाने हे कॉलेज आणि हा परिसर ओळखला जातो. कॉलेजाकडून बाबासाहेबांची काय अपेक्षा होती हे या नावांतच आहे : विद्यार्थ्याने प्रश्न विचारावेत आणि शिक्षकाकडे उत्तर देण्याची तयारी असावी.

या परिसरात वसतिगृहे होती, आणि मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून आलेली मुले तिथे एकत्र राहिली. गावात जी मुले महारवाड्यात एकटी वाचत बसायची, ती इथे एकमेकांशी बोलू लागली, वाद घालू लागली, लिहू लागली. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले आणि ते विद्यार्थ्यांनी रंगभूमीवर आणले. अमेरिकेत शिकून आलेले डॉ. म. ना. वानखडे इथे प्राचार्य झाले. त्यांनी अमेरिकेतल्या काळ्या लेखकांचे साहित्य आणि आपले साहित्य यांचे नाते मराठी वाचकांपुढे मांडले. मिलिंदमध्ये शिकवणाऱ्या डॉ. गंगाधर पानतावणे यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस 'अस्मितादर्श' सुरू केले, आणि दलित साहित्याला स्वतःचे व्यासपीठ मिळाले.

आता विचार करा. हे सगळे कोणत्या अभ्यासक्रमात होते? कोणत्याही नाही. विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेत 'अस्मितादर्श' काढा असा प्रश्न नव्हता. हे विद्यापीठाच्या पदवीतून आले नाही, कॉलेजाच्या जगण्यातून आले. त्याच काळात दुसऱ्या एखाद्या कॉलेजातून तीच परीक्षा देऊन तीच पदवी मिळाली असती. पण दलित साहित्याची चळवळ मिळाली नसती.

नाव मिळाले, पुढे काय?

२७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या. पोचीराम कांबळे यांच्यासारख्यांना जीव गमवावा लागला. १९७९ साली नागपूरहून लाँग मार्च निघाला. १९९३ साली गौतम वाघमारे यांनी नांदेडमध्ये आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. सोळा वर्षांचा हा लढा ज्या पिढीने लढला, तिच्यातले कितीतरी तरुण नागसेनवनातच राजकीयदृष्ट्या घडले होते.

काही लोक आजही विचारतात की एका नावासाठी एवढे कशाला? त्यांना उत्तर सोपे आहे. जर नाव क्षुल्लक होते तर ते रोखण्यासाठी घरे का जाळली? नाव महत्त्वाचे होते आणि आहे. पण मला आपल्याच लोकांना एक प्रश्न विचारायचा आहे. विद्यापीठाच्या नावासाठी जीव देणाऱ्या समाजाची मुले त्या विद्यापीठाखालच्या कोणत्या कॉलेजात शिकतात, तिथे शिक्षक आहेत का, ग्रंथालय उघडे असते का, याची चौकशी आपण कधी तेवढ्या तळमळीने केली का? नामांतराने पदवीवरचे नाव आपले केले. त्या पदवीमागचे शिक्षण आपले करण्याचा लढा कॉलेजाच्या पातळीवर लढावा लागतो, आणि तो अजून बाकी आहे.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की, मग आंबेडकरी मुलांनी आपल्याच संस्थांत शिकावे का? माझे उत्तर नाही असे आहे. बाबासाहेबांनी सिद्धार्थ आणि मिलिंद केवळ एका जातीसाठी काढली नाहीत, तिथे सर्व जाती-धर्मांची मुले शिकली. आणि स्वतः बाबासाहेब जगातल्या उत्तम संस्थांत गेले. शहरात १९६० च्या दशकापासून देवगिरी, मौलाना आझाद आणि इतर कॉलेजे उभी राहिली. शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय तर मिलिंदपेक्षा जुने आहे. जिथे तुमच्या विषयाचे चांगले शिक्षण मिळते तिथे जा. पुण्याला, मुंबईला, दिल्लीला जा. परदेशात जायचे तर राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची राज्य शासनाची परदेश शिष्यवृत्ती आहे, तिचा अभ्यास करा. भावनेपोटी कॉलेज निवडणे हेही न निवडण्यासारखेच आहे. मात्र आपल्या संस्थांबाबत आपली जबाबदारी वेगळी आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या कारभारावरून वर्षानुवर्षे चाललेले वाद कोणापासून लपलेले नाहीत. जयंतीला नागसेनवनात अभिवादनाला जाणाऱ्यांनी तिथले रिक्त पदांचे प्रश्न आणि वसतिगृहांची अवस्था हेही चळवळीचे विषय मानले पाहिजेत.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. "हे सगळे बोलायला ठीक आहे, पण गरीब मुलाला निवड असते का? घरची मजुरी, बहिणीचे लग्न, शहरातला खर्च." हा आक्षेप खरा आहे आणि त्याला उपदेशाने उत्तर देता येत नाही. मराठवाड्यात कित्येक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, त्यांच्या मुलीला शहरात ठेवणे म्हणजे काय हे मला माहीत आहे. पण म्हणूनच तर बाबासाहेबांनी आधी वसतिगृह काढले! गरिबीवर त्यांनी दिलेले उत्तर 'कमी प्रतीचे शिक्षण चालवून घ्या' हे नव्हते. खर्चाची व्यवस्था समाजाने आणि शासनाने करावी, आणि मुलाने खऱ्या वर्गात बसावे, हे होते. आज भारत सरकारची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती आहे, समाजकल्याणची वसतिगृहे आहेत, वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना आहे. त्या अपुऱ्या आहेत आणि पैसे उशिरा येतात, त्यासाठी लढावेच लागेल. पण या योजनांची माहिती नसल्यामुळे घराजवळचे नावापुरते कॉलेज निवडणारी मुले मी दरवर्षी पाहतो. तो दोष मुलांचा नाही. तिथे आपली चळवळ कमी पडते.

मिलिंदाचे प्रश्न विचारा

म्हणून निवड करताना मिलिंद राजासारखे प्रश्न विचारा, आणि नागसेनासारखे उत्तर मिळेपर्यंत नाव घालू नका.

पहिला प्रश्न शिक्षकांचा. तुमच्या विषयाला पूर्णवेळ प्राध्यापक किती आहेत आणि तासिका तत्त्वावरचे किती? माहितीपत्रकावर विश्वास ठेवू नका, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा.

दुसरा प्रश्न राहण्याचा. कॉलेजापासून शासकीय वसतिगृह किती दूर आहे? स्वाधारच्या नियमात ते कॉलेज आणि तो अभ्यासक्रम बसतो का? हे नियम बदलत असतात, म्हणून प्रवेशाआधी समाजकल्याण कार्यालयात जाऊन खात्री करा.

तिसरा प्रश्न पैशांचा. शिष्यवृत्तीस पात्र असलेल्या मुलाकडून कॉलेज आधी पूर्ण फी मागते का? महाडीबीटीचे अर्ज कॉलेज वेळेत पुढे पाठवते का? मागच्या वर्षीच्या मुलांना पैसे कधी मिळाले?

चौथा प्रश्न ग्रंथालयाचा. ते किती वाजेपर्यंत उघडे असते? खोलीत चौघे-पाच जण राहणाऱ्या मुलाला अभ्यासाची जागा तीच असते.

पाचवा प्रश्न सन्मानाचा. २०१६ साली हैदराबादला रोहित वेमुला आणि २०१९ साली मुंबईत डॉ. पायल तडवी यांना आपण गमावले. नावाजलेल्या संस्थेतही माणूस एकटा पडू शकतो. यूजीसीने २०१२ साली समतेसंबंधी नियम केले, त्यानुसार भेदभावाची तक्रार ऐकणारी यंत्रणा असायला हवी. ती कागदावर आहे की चालू आहे? तिथे आपल्या विद्यार्थ्यांचा गट आहे का? अडचणीत कोणाला फोन करायचा?

हे पाच प्रश्न घेऊन किमान तीन कॉलेजांच्या आवारात प्रत्यक्ष जा. आई-वडिलांना सोबत न्या. "हजेरीची काळजी करू नका" असे जिथे पहिल्या भेटीत सांगितले जाते, तिथून परत फिरा.

आणि कार्यकर्त्यांनो, तुमच्यासाठी एक काम आहे. १४ एप्रिल आणि १४ ऑक्टोबरला आपण मंडप घालतोच. निकालानंतरच्या त्या पंधरवड्यात प्रत्येक विहारात एक टेबल टाका. तिथे विहारातल्याच शिकलेल्या दोघांनी बसावे, जवळच्या कॉलेजांची वरच्या पाच प्रश्नांची उत्तरे लिहून भिंतीवर लावावीत, शिष्यवृत्तीचे आणि वसतिगृहाचे अर्ज भरून द्यावेत. याला देणगीची गरज नाही, वेळेची आहे. १९५० साली बाबासाहेबांनी देशाचे कायदामंत्रिपद सांभाळून औरंगाबादच्या कॉलेजासाठी वेळ काढला. आपल्याला वर्षातून पंधरा दिवस काढता येणार नाहीत का?

शिका, हा आदेश आपल्याला मिळाला आहे. कुठे आणि कोणाजवळ शिकायचे हे ठरवणे त्या आदेशाचाच भाग आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!